अर्ध्या कोयत्याच्या मुली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बालगृहात राहणाऱ्या, पण आई किंवा वडील हयात असलेल्या मुलांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही आणि तुमची पत्नी दत्तकासाठी नोंदणी करून तीन वर्षं थांबला आहात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकीकडे बालगृहं भरलेली आहेत, दुसरीकडे आमच्यासारखी घरं मुलाची वाट बघताहेत, आणि तुम्ही मात्र ज्यांना मुलं सांभाळता येत नाहीत त्यांचीच बाजू घेता. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘दोन वेळचं जेवण न देऊ शकणाऱ्या आईपेक्षा आम्ही वाईट आहोत का?’

मुळीच नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं काही तुम्हाला बोचेल.

मी अकरा वर्षं मराठवाड्यात बालगृहातल्या मुलांच्या घरी जाऊन गृहभेटीचे अहवाल लिहिले. तिथे एक विधवा आई आपल्या दोन मुलींना दिवाळीनंतर आणून सोडायची आणि पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीचा हंगाम संपला की, घेऊन जायची. ती ऊसतोड करायची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा गेला की बाई अर्धा कोयता होते. मुकादम तिला एकटीला उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) द्यायला नाखूश असतो, दिलीच तर निम्मी. ती दिराच्या जोडीने जायची आणि मुलींना फडावर न्यायची नाही, कारण थोरली शाळेत हुशार होती. रजिस्टरमध्ये या मुलींची नोंद ‘एक पालक’ एवढीच. बाहेरून पाहणी करायला येणारा माणूस त्यांनाही ‘अनाथ’ म्हणूनच मोजून जायचा.

तुम्ही म्हणता ती भरलेली बालगृहं बहुतेक अशा मुलांनी भरलेली आहेत. दत्तकाला जाऊ शकतं ते फक्त बाल कल्याण समितीने (अशा मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) दत्तकमुक्त, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळं, ठरवलेलं मूल. देशात अशी मुलं कोणत्याही वेळी दोन-अडीच हजारांच्या आसपास असतात, आणि नोंदणी करून थांबलेले पालक तीस हजारांहून अधिक. 2024-25 मध्ये 4,515 मुलं दत्तक गेली, तो गेल्या कित्येक वर्षांतला उच्चांक होता. तुमची तीन वर्षं या आकड्यांत गेली आहेत. त्या बाईने आपल्या मुली धरून ठेवल्या म्हणून ती गेलेली नाहीत.

आणि तिला लागत काय होतं? महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मिळणाऱ्या मदतीत, 4,000. दोन मुलींचे हे पैसे दर महिन्याला वेळेवर हातात पडले असते, तर त्या आजीपाशी गावातच राहिल्या असत्या. मी पाहिलेल्या प्रकरणांत हप्ते सहा-सहा महिने थकायचे, मग एकदम जमा व्हायचे. तोपर्यंत मूल बालगृहात आलेलं असायचं. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय. आपण तो पहिला करून टाकला आहे.

‘आई सही करून मूल सोपवते, मग वर दोन महिने कशाला?’ असंही तुम्ही विचारलंत, आणि त्याला वेळकाढूपणा म्हणालात. या शब्दाचं मला फार वाईट वाटलं. एका मुलीने बाळंतपणानंतर आठव्या दिवशी सही केली होती. घरच्यांनी तिला गाडीतून आणलं आणि गाडीतूनच परत नेलं. एकेचाळिसाव्या दिवशी ती आत्याला घेऊन आली आणि बाळ मागितलं. फेरविचारासाठी कायद्याने दिलेले साठ दिवस नसते, तर ते बाळ तोवर दुसऱ्या घरात रुळलं असतं आणि दोन आयांपैकी एकीचा घास आपण हिरावला असता. ती तुमची पत्नीही असू शकली असती. हे साठ दिवस तुमच्याही संरक्षणाचे आहेत.

पण एका ठिकाणी तुम्ही बरोबर आहात, आणि तिथे माझी चूक आहे. एक मुलगा तिसऱ्या वर्षी आला होता. वडील वर्षा-दीड वर्षाने खाऊची पिशवी घेऊन यायचे, तासभर बसायचे, ‘पुढच्या खेपेला नेतो’ म्हणायचे. मी प्रत्येक अहवालात ‘कुटुंबाशी संपर्काचे प्रयत्न सुरू ठेवावेत’ असं लिहीत राहिले. मग समितीची मुदत संपली, नवी नेमली जाईपर्यंत काही महिने गेले, फाइल तशीच पडून. तो नऊ वर्षांचा झाला. लहान मूल हवं असणाऱ्यांच्या रांगेत नऊ वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही. त्याची सहा वर्षं गेली, त्यात माझ्या सह्या आहेत. ज्यांना भेटायला कोणी येत नाही किंवा ज्यांचे पालक सांभाळायला अपात्र आहेत, अशी मुलं शोधून त्यांच्या फाइली पुढे नेण्याचा आग्रह अलीकडे केंद्राकडून होतो आहे, तो मला मनापासून पटतो. घाई करायचीच तर तिथे करा. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, सप्टेंबर 2022 पासून. पण फाइल जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच जी वर्षं जातात, ती त्याने वाचत नाहीत.

प्रतिपालकत्वाला, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याला, तुम्ही ‘मुलाची फरफट’ म्हणालात. आपल्याकडे ते इतकं कमी आहे की फरफट व्हायलाही मुलं त्यात जात नाहीत. त्या मुलासारख्याला, ज्याचे वडील सोडतही नाहीत आणि नेतही नाहीत, प्रतिपालकत्वच एखादं घर मिळवून देऊ शकलं असतं. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळलेलं मूल, ते दत्तकमुक्त झालं असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

आता तुमच्याविषयी. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण अर्जात ‘0 ते 2’ निवडलंय असं लिहिलंत. तुम्हा दोघांच्या वयाची बेरीज शंभरच्या आत असेल, तर चार ते आठ वर्षांचं मूलही तुम्हाला मागता येतं. हे मूल आठवणी घेऊन येईल. कदाचित आईचा चेहराही. पहिले काही महिने ते ताटातली पोळी उशीखाली लपवून ठेवेल, रात्री दिवा मालवू देणार नाही. पत्नीशी बोला, घाई करू नका. मूल सुचवलं गेलं की राखून ठेवायला 48 तास मिळतात, स्वीकारायला 30 दिवस. त्या दिवसांत त्याचा बाल अभ्यास अहवाल (मुलाची पूर्ण माहिती देणारा अहवाल) ओळ न् ओळ वाचा, आणि गृहभेटी करणारी कोण होती ते विचारून तिच्याशी बोला. अहवालात मावत नाही असं तिच्याकडे बरंच असतं.