"जुना करार बंद करा" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा आईचा फोन आला, "अगं, मी रोज रात्री स्तोत्र वाचते ते चुकीचं आहे का?" मला आधी कळेच ना काय झालं. पप्पा गेल्यापासून ती झोपायच्या आधी एक स्तोत्र मोठ्यानं वाचते, दीडशे संपली की परत पहिल्यापासून. मग कळलं की मंडळीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तो वाचून तिनं आठवडाभर बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडलीच नाही. माझं डोकंच सटकलं.

मेसेजचं म्हणणं असं: येशूने जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, रद्द केला, जुन्यातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, खाण्यापिण्याचे नियम आपल्याला लागू नाहीत म्हणजे ते पुस्तकच लागू नाही, स्तोत्रांत शाप आहेत म्हणून ती वाचणं पाप, आणि खऱ्या विश्वासणाऱ्याने फक्त लाल अक्षरं, म्हणजे लाल शाईत छापलेले येशूचे शब्द, वाचावीत.

बरं, लाल अक्षरंच वाचू. मत्तय ५:१७, नियमशास्त्र किंवा संदेष्टे रद्द करायला मी आलोय असं समजू नका, रद्द करायला नाही तर पूर्ण करायला आलोय. हे लालच छापलंय हो! पहिला मुद्दा तिथेच संपला. अरण्यात सैतानाला तीन उत्तरं दिली ती तिन्ही जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातली, वधस्तंभावरची आरोळी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, आणि "शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर" हे लेवीय १९ मधलं, म्हणजे ज्या पुस्तकाशी आल्यावर आपण सगळे वर्षभराचं वाचन सोडून देतो त्यातलं. आणि येशूचे शब्द लाल शाईत छापायची कल्पनाच १८९९ ची, न्यूयॉर्कच्या लुईस क्लॉप्श नावाच्या संपादकाची. त्याआधी अठराशे वर्षं लोक काय वाचत होते मग?

रागीट देव, प्रेमळ देव, हे तर इतकं जुनं आहे की मार्शन नावाच्या माणसाने हेच शिकवलं म्हणून रोमच्या मंडळीने त्याला इ.स. १४४ च्या सुमारास बाहेर काढलं. जुन्या करारातलं योनाचं पुस्तक वाचा, चारच अध्याय आहेत. तिथे रागावलाय तो योना, कारण देव निनवेवर रागवायचं सोडून एक लाख वीस हजार माणसांची आणि वर गुराढोरांची काळजी करत बसलाय. आणि नव्या करारात हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको खोटं बोलून जागीच मेले, त्याचं काय करायचं?

खाण्यापिण्याचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करते. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेममधल्या सभेने परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, तो भार टाकला नाही, इब्री ८ मध्ये तर पहिला करार जुना झाला असंच म्हटलंय, आणि त्या नियमांत मना असलेली कोळंबी मीही खाते. पण नियम आपल्यावर बंधनकारक नसणं वेगळं आणि पान वाचायचंच नाही हे वेगळं. त्याच लेवीय १९ मध्ये शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असंही आहे.

आता स्तोत्रं, कारण खरा घाव तिथे बसलाय. मेसेजमध्ये १३७ वं स्तोत्र दिलंय, त्याची शेवटची ओळ, बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटणारा धन्य, आणि खाली लिहिलंय "हा देवाचा आदेश!" अहो आदेश कुठला, बोलणारा देव नाहीच तिथे. इ.स.पू. ५८६ च्या आसपास यरुशलेम जळलं, मंदिर पाडलं, माणसं बाबेलला कैदी करून नेली, आणि वर नेणारेच म्हणतायत, गा एखादं सियोनचं, म्हणजे तुमच्या यरुशलेमचं, गाणं. ते नदीकाठी बसून रडतायत, हातात काही नाही, आणि मनातलं जे सगळ्यात घाण आहे तेसुद्धा देवासमोर ओकून टाकतायत. ती ओळ माझ्याही घशात अडकते, अजूनही, आणि जुन्या करारातल्या कनान देशाच्या लढायांबद्दल तर माझ्याकडे नीट उत्तर नाही. पण अडकते म्हणून खोडायची का?

खोडून बघितलंय लोकांनी. १८०७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी "निवडक" पवित्र शास्त्र. ११८९ अध्यायांपैकी ठेवले २३२, जुना करार जवळजवळ ९० टक्के गायब. उत्पत्तीत योसेफ भावांना ओळख देतो आणि पान उलटलं की थेट निर्गम १९, सीनाय पर्वत. मधे गुलामांना मिसरातून सोडवणारा मोशे नाही, फारो नाही, "माझ्या लोकांना जाऊ दे" नाही, तांबडा समुद्र नाही. आणि फक्त जुन्यालाच कात्री लावली असं नाही, गलती ३:२८ मधलं "दास नाही, स्वतंत्र नाही" तेही कापलं. ठेवलं काय, तर इफिस ६:५, दासांनो धन्यांच्या आज्ञेत राहा. त्याची एक प्रत फिस्क विद्यापीठाकडे आहे, वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियममध्ये ती लोकांना बघायलाही ठेवली होती. कापणाऱ्याने स्वतःला टोचणारंच कापलं, गुलामाला टोचणारं ठेवलं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून आख्खं शास्त्र मराठीत आणलं, १९२२ ला जाईपर्यंत त्याच कामात होत्या, त्यांनी नाही कुठलं पुस्तक गाळलं.

आणि आता गंमत. ज्या ग्रुपवर हा मेसेज आला त्याच ग्रुपवर दर महिन्याच्या एक तारखेला मलाखी ३:१० येतं, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, खाली क्यूआर कोड. मलाखी नव्या करारात कधी गेला? जुन्याच करारातला संदेष्टा आमोस मात्र कधीच येत नाही, गरिबाला जोड्यांच्या किमतीत विकणारे लोक आणि देवाला वीट आलेले सण, ते नाही कोणी फॉरवर्ड करत.

बाकी "प्रेषित पौलाने सांगितलंय" वगैरेला एकच. आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला, तो लिहितो की तुला बाळपणापासून शास्त्र माहीत आहे, आणि त्याच्या आजीचं, आईचं नावही घेतो, लोईस आणि युनीके. त्या बाळपणी नवा करार लिहिलेलाच नव्हता. आजीने शिकवलं ते हेच, जे माझ्या आईला बंद करायला सांगताय.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ते गुलामांचं पुस्तक परत सांग, मला महिला मंडळात सांगायचंय." मग विचारलं, कुठे थांबली होतीस? म्हणाली ८८ वर. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया नाही की काही नाही. तिने फोन स्पीकरवर ठेवला, चष्मा शोधला आणि वाचायला लागली.