सिरीजमध्ये जोडलं की डबल चार्जिंग? नाही हो!
ते फिरतंय ना, शिडाच्या बोटीवर दोन सोलर पॅनेल सिरीजमध्ये (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडले की चार्जिंग डबल होतं, ते चुकीचंय. 100 वॉटची दोन पॅनेल घ्या, प्रत्येकी साधारण 18 व्होल्ट, साडेपाच अँपिअर. सिरीजमध्ये 36 व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर, पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) 18 व्होल्ट आणि 11 अँपिअर, व्होल्ट गुणिले अँपिअर करून बघा, दोन्हीकडे 200 वॉटच्या आसपासच येतं. सिरीजमध्ये करंट कमी म्हणून वायर बारीक चालते हे खरं, पण त्याला एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीचं व्होल्टेज बॅटरीला चालेल असं बदलून घेणारा चार्जिंग कंट्रोलर) पाहिजे, स्वस्तातला पीडब्ल्यूएम (असं बदल न करणारा साधा कंट्रोलर) लावून 12 व्होल्टच्या बॅटरीवर हे केलंत तर निम्म्याहून जास्त वीज गेलीच म्हणून समजा.

आणि बोटीवर खरी डोकेदुखी सावलीची. डोलकाठी, बूम (शिडाचा आडवा दांडा), दोर... नांगरावर बोट जरा फिरली की सावली या पॅनेलवरून त्या पॅनेलवर. पॅरलल असेल तर एकावर सावली आली तरी दुसरं आपलं काम करत राहतं. (सावलीत सिरीज पार बंदच पडते म्हणतात तेही अर्धवट, सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे बायपास डायोड पॅनेलमध्ये असतात की!)

मेन फ्यूज मात्र बॅटरीजवळच टाका, शॉर्ट झालं तर वायर जाळणारा करंट तिकडूनच येतो.