श्वानासह सागरदर्शन : बडोदेकरांसाठी काही सूचना

दिवाळीची सुट्टी लागली की दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली बरीच मंडळी द्वारकेला निघतात आणि जाता-येता जामनगरजवळचे, कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यानही उरकून घेतात. यंदा आपणही निघाला असाल, तर घरच्या लॅब्रॅडॉरला शेजाऱ्यांकडे ठेवण्याचा करंटेपणा कृपया करू नये. राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रे नेता येत नाही हे खरे असले, तरी तो नियम इतरांच्या कुत्र्यांसाठी असतो. आपला चावत नाही.

प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते. अर्जात कुत्र्यासाठी रकाना नसेल, तर त्याचा अर्थ खात्याची हरकत नाही, असाच लावावा.

उद्यानातल्या नरारा येथे ओहोटीला पाणी मागे सरले की प्रवाळांच्या खडकांवरून चक्क पायी हिंडता येते, आणि अशी सोय आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे. बरोबरचा वाटाड्या सांगेल की जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. ही बंधने दोन पायांच्या पर्यटकांसाठी आहेत, असे समजून आपण कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा खुशाल सोडावा. दगडाच्या कपारीत रंग बदलून दडलेल्या ऑक्टोपसला पंजाने उकरून काढण्यात त्याला जी गोडी वाटते, ती कामाठीबागेतल्या खारींमागे धावण्यात कुठून वाटणार? उथळ डबक्यात पफर मासा टम्म फुगलेला दिसला, तर तोही तोंडात धरू द्यावा. या माशांत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते आणि त्यावर उतारा नाही, असे जाणकार सांगतात. परंतु आपल्या कुत्र्याने आजवर दोन चपला आणि शेवउसळीचा कागदी द्रोण पचवलेला आहे.

पक्ष्यांचा कार्यक्रम मात्र घाईने उरकू नये. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेले तुतवार आणि चिखल्या याच चिखलात किडे-शंखले टिपत असतात. पाणी परत चढले की त्यांचे ताट उचलले जाते. त्यामुळे त्या मोजक्या वेळात परतीच्या प्रवासापुरती चरबी त्यांना अंगावर चढवायची असते. म्हणून सगळा थवा खाण्यात गढलेला असतानाच कुत्र्याला सोडावे. थवा एकदम उठतो, व्हिडिओ उत्तम येतो. तो पुन्हा बसला की पुन्हा सोडावे, कारण पहिल्या वेळी भाऊजींचा अंगठा कॅमेऱ्यासमोर आलेला असतो.

लसीकरणाची चौकशी कोणी केली, तर हसून विषय बदलावा. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांच्या शरीरात कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. इथल्या तिवरांत सिंह नाहीत, नुसते कोल्हे आहेत, आणि कोल्ह्यांसाठी कोण रडतो?

कोणी फारच अडवले, तर इतिहास काढावा. द्वारकेभोवतालचे ओखामंडळ हे बडोदे संस्थानातच होते. सयाजीराव महाराजांच्या सरकारने सागरी प्राण्यांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली आणि तिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये छापला. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर करणाऱ्यांपेक्षा आपला हक्क कितीतरी जुना ठरतो. महाराजांनी त्या जीवांची नोंद करवली, आपण त्यांच्यावर कुत्रा सोडतो. आस्था दोन्हीकडे सारखीच.

एक खबरदारी तेवढी घ्यावी. कच्छच्या आखातातल्या वाळूत कासवे अंडी घालतात आणि कुत्र्याला त्यांचा वास फार लवकर लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही बसते, आणि राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला किमान ३ वर्षांचा कारावास आहे. तेव्हा वनरक्षक समोर येताच, हा कुत्रा आमचा नव्हेच, गावातूनच मागे लागला, असे ठामपणे सांगावे. मात्र त्यापूर्वी त्याच्या गळ्यातला आपले नाव आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला काढून खिशात घालावा, आणि वहिनींना बजावून ठेवावे की त्या दहा मिनिटांत त्याला ‘सोन्या, ये बाळा’ अशी हाक मारायची नाही.