मोबाईलवर डोळे तपासून झाले, चष्म्याचं काय?

डोळे तपासायचं नवीन अ‍ॅप आलं की सगळीकडे शेअर होतं, आणि मला दरवेळी एकच विचारावंसं वाटतं, की ज्या पोराला कमी दिसतं असं कळलं त्याला पुढे चष्मा मिळाला का?

केनियात याचं उत्तर नीट शोधलंय म्हणून लिहितेय. अँड्र्यू बास्टौरस हे लंडनचे डोळ्यांचे डॉक्टर तिकडे नाकुरूच्या खेड्यापाड्यांत काम करत होते, मोठमोठी मशीनं न्यायची तर धड रस्ता नाही, वीज नाही, पण मोबाईल मात्र सगळीकडे. त्यातून पीक (Peek) हे डोळे तपासायचं अ‍ॅप झालं. स्क्रीनवर इंग्रजी ई येतो, कधी वर तोंड करून कधी डावीकडे, मूल लांब उभं राहून हाताने दिशा दाखवतं आणि तपासणारा त्याच दिशेला स्क्रीनवर बोट फिरवतो, बस. मुलाला वाचता यायला नको आणि तपासायला डॉक्टर नको, शाळेतले शिक्षक करतात.

पण खरी गंमत पुढे आहे. तिथल्या ट्रान्स न्झोइया भागात ५० शाळा घेतल्या, निम्म्यांत नेहमीचा तक्ता आणि कमी दिसणाऱ्याला दवाखान्यात जायची कागदाची चिठ्ठी, निम्म्यांत मोबाईल. मोबाईलवाल्या शाळांत नुसती तपासणी नाही केली, मुलाला किती धूसर दिसतं त्याचं चित्र घरच्यांना दाखवलं आणि पालकांना मेसेज पाठवले. चिठ्ठीवाल्यांपैकी २२ टक्के मुलं दवाखान्यात पोचली, मोबाईलवाल्यांपैकी ५४ टक्के (२०१८ च्या लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलंय हे). म्हणजे दुपटीहून जास्त! आणि तरीही जवळजवळ निम्मी राहिलीच, हेही विसरू नका.

आपल्याकडे हुशारीची कमी नाहीये हो, आपल्या नाशिकचे रमेश रासकर, त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत २०१० च्या सुमारास नेत्रा काढलं, मोबाईलच्या स्क्रीनवर एक छोटं भिंगाचं यंत्र लावायचं, आत बघून रेषा जुळवायच्या की चष्म्याचा नंबर निघतो. अडतं ते त्याच्यापुढे. चिठ्ठी दप्तरात चुरगळते, आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून तालुक्याला जाणं पुढे ढकललं जातं, आणि मुलगी असेल तर आत्तापासून चष्मा नको, लग्नाला अडचण येईल, हे आजही बोललं जातं, चीड येते मला.

एक मात्र कृपा करून लक्षात ठेवा, घरी अ‍ॅपवर सगळं स्पष्ट दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत नीट दिसू शकतं, आणि शुगरवाल्यांच्या डोळ्याचा पडदा सुरुवातीला गुपचूप खराब होतो, त्यांनी दरवर्षी डॉक्टरकडून पडदा तपासून घ्यायलाच पाहिजे.

शाळांसाठी माझं मागणं एवढंच आहे, कमी दिसणाऱ्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे राहू दे, आईच्या मोबाईलवर साध्या मराठीत मेसेज जाऊ दे, आणि चष्मा शाळेतच आणून द्या. तुमच्या गावात कुणी असं करत असेल तर कॉमेंटमध्ये सविस्तर लिहा, मला त्यांच्याशी बोलायचंय.