गावाकडं एकच कंपनी चालते म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

वाडीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, मुंबई मंडळाचा ग्रुप, सगळीकडं सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गावाकडं रेंज पाहिजे तर देशात सगळ्यात मोठी कंपनी जी असेल तिचंच सिम घ्या, कंपनीच्या नकाशात गाव रंगलेलं दिसलं की डोळे झाकून पोर्ट मारा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, बीएसएनएल संपलंय त्याचा विचारही करू नका, 5जी फोन घेतला की रेंज आपोआप वाढते, फोनवर रेंजच्या काड्या फुल म्हणजे नेट चालणारच, आणि नाहीच जमलं तर परत पोर्ट करायला काय जातंय. आता हे वाचून लोक खरोखर गावच्या आईवडिलांचे नंबर बदलायला निघालेत म्हणून एवढं लिहितोय. मुंबईत रेंज गेली तर आपण खिडकीशी जातो, पण गावाला रात्री 108 लावायची वेळ आली आणि फोन लागला नाही तर पुढं काय होतं ते ज्याच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्याला सांगायला नको.

पहिलं, सगळ्यात मोठी कंपनी. देशात ग्राहक किती आणि टॉवर किती याचा तुमच्या वाडीशी काही संबंध नाही. कंपन्या जे नव्व्याण्णव टक्के वगैरे सांगतात ते बहुतेक वेळा लोकसंख्येचं असतं, जमिनीचं नाही, आणि कोकणात किंवा अकोले-धडगाव-मेळघाटाकडं माणसं विखुरलेली, मधे डोंगर, त्यामुळं उरलेल्या एका टक्क्यात कोण बसतं ते सांगायची गरज नाही. आमच्याकडं एकाच गावात सड्यावरच्या वाडीला एका कंपनीची रेंज मस्त आणि खाली वहाळाच्या अंगाला असलेल्या वाडीला तिचं नावच नाही, तिथं दुसरीच कंपनी चालते, कारण पलीकडच्या डोंगरावरचा तिचा टॉवर समोर पडतो. अंतर म्हणाल तर चालत दहा मिनिटं.

यात फ्रिक्वेन्सीचा पण भाग आहे. 700, 850, 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत येतात, आणि 2300 किंवा 3300 वाल्या स्पीड देतात पण लांब पोचत नाहीत. कुठल्या कंपनीनं तुमच्या टॉवरवर यातलं काय लावलंय त्यावर घरात रेंज येणार का ते ठरतं, म्हणजे त्याच कंपनीचा शेजारच्या गावातला टॉवर वेगळा वागू शकतो.

आणि घर. हे कोणी बोलतच नाही. जुनी कौलं काढून लोकांनी रंगीत पत्रे घातले, माकडांचा त्रास गेला हे खरं, पण लोखंडी पत्रा रेंज अडवतो आणि खाली जांभ्याच्या जाड भिंती. त्यामुळं पडवीत तीन काड्या आणि मधल्या खोलीत नो सर्व्हिस असं होतं. कंपनी बदलण्याआधी फोन घरात कुठं ठेवला जातो ते बघा. बऱ्याच घरांत तो देवघराशेजारच्या कोनाड्यात चार्जिंगला असतो आणि तिथंच रेंज सगळ्यात कमी.

दुसरं, नकाशा. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 2024 च्या नियमांमुळं कंपन्यांना आपले कव्हरेज नकाशे वेबसाईटवर टाकावे लागले ही चांगली गोष्ट झाली, बघाच ते. पण बघताना 2जी, 4जी, 5जी वेगवेगळं निवडून बघा, सगळं एकत्र रंगवलेलं बघून फसू नका. आणि नकाशा हा अंदाज असतो, तो तुमच्या दारापर्यंत येतो, कोनाड्यापर्यंत नाही. त्यापेक्षा खरी माहिती पाहिजे तर वायरमनला विचारा, पोस्टमनला विचारा, आशाताईंना विचारा. ही माणसं रोज वाडीवाडी फिरतात, कामासाठी फोन लावतात, कुठल्या वळणावर कुठलं सिम मरतं ते त्यांना पाठ असतं. एवढा पक्का नकाशा कुठल्याच कंपनीकडं नाही.

तिसरं, बीएसएनएल संपलंय. हे अर्धवट माहितीवर बोललं जातंय. बीएसएनएलचं स्वदेशी 4जी, टीसीएस, तेजस या कंपन्या आणि सी-डॉट ही सरकारी संस्था यांनी मिळून केलेलं, 27 सप्टेंबर 2025 ला देशभर सुरू झालं, आणि ज्या गावांत काहीच नव्हतं तिथं 4जी पोचवायची सरकारी योजना, जी 2022 ला मंजूर झाली, ती बीएसएनएलकडंच दिलेली आहे. म्हणजे अगदी आतल्या गावांत कधीकधी तोच एक टॉवर असतो. मी असं म्हणत नाही की सगळीकडं ते भारी चालतं, नाही चालत, लाईट गेली की बंद पडणारे टॉवर मी पण बघितलेत. पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय शिव्या घालू नका. एक, तुमचं सिम जुनं 2जी-3जीचं असेल तर त्यावर 4जी येणारच नाही, ऑफिसात जाऊन 4जीचं सिम बदलून घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो. दोन, बीएसएनएल 4जीला 700 मेगाहर्ट्झ पण वापरतं, लहरींच्या त्या पट्ट्याला बँड 28 म्हणतात, आणि बऱ्याच जुन्या फोनमध्ये तो बँडच नाही. फोनचं मॉडेल टाकून नेटवर शोधलं की बँडची यादी मिळते.

यातच 5जी फोनचं उत्तर आलं. फोन बदलून रेंज वाढू शकते, पण ती फोनमध्ये कुठले बँड आहेत त्यानं, 5जी लिहिलंय म्हणून नाही. गावात 5जी लांबून अर्धवट येत असेल तर फोन त्याच्यामागं धावत बॅटरी खातो, अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क 4जीवर ठेवलेलं बरं. आखातातून भावानं पाठवलेला फोन असेल तर त्यात आपल्याकडचे बँड आणि 4जीवरचं कॉलिंग चालतं का ते आधी बघा. आणि आजीकडं बटणाचा जुना 2जी फोन असेल तर त्यात जिओचं सिम टाकून उपयोग नाही, जिओकडं 2जी नाहीच, कधी नव्हतंच. एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन आयडिया), बीएसएनएलचं 2जी अजून आहे. फॉरवर्डवाल्यानं याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही आणि गावात निम्मी म्हातारी माणसं तोच फोन वापरतात!

काड्यांचं. काडी म्हणजे किती सिग्नल हे प्रत्येक फोन कंपनी स्वतः ठरवते, 2010 ला ॲपलनं स्वतःच कबूल केलं होतं की त्यांचा हिशोब चुकीचा होता आणि आयफोन जास्त काड्या दाखवत होता. खरं बघायचं तर अँड्रॉईडमध्ये अबाउट फोनच्या आत सिम स्टेटसमध्ये सिग्नल स्ट्रेंथ असतो, उणे आकडा. 4जीवर उणे 90 च्या आसपास असेल तर छान, उणे 110 च्या खाली, म्हणजे उणे 115, 120 असं गेलं की बोलणं तुटायला लागतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं एकाच फोनमध्ये टाकून, एकाच जागी बसून हा आकडा बघा, पाच मिनिटांत कळेल ते दहा फॉरवर्ड वाचून कळणार नाही.

आणि फुल काड्या असून नेट न चालणं म्हणजे काय ते गणपतीत कोकणात गेलेल्या प्रत्येकाला माहितीये. एरवी गावातल्या थोड्याशा माणसांसाठी लावलेला टॉवर, त्यावर अचानक अख्खी मुंबई उतरते, प्रत्येकजण आरतीचा व्हिडिओ पाठवतोय, मग सिग्नल चांगला पण टॉवर भरलेला. त्यामुळं गणपतीत किंवा मे महिन्यात चार दिवस राहून आईवडिलांसाठी कंपनी ठरवू नका, तेव्हा जे नेटवर्क वाईट वाटलं तेच एरवी सगळ्यात चांगलं असू शकतं. उलटही होतं.

आता जे फॉरवर्डमध्ये मुळात नाहीच ते, म्हणजे लाईट. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, पुढं जनरेटर असेल आणि त्यात डिझेल असेल तर चालतो, नाहीतर बंद. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस फोन लागत नव्हते, मुंबईतली माणसं घरचं कोण जिवंत आहे की नाही याच्या काळजीत होती. म्हणून दोन सिम ठेवा हा सल्ला बरोबर आहे, पण त्यातही एक मेख आहे. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या भाड्यानं असतात. तुमची दोन्ही सिमं त्याच टॉवरवर असतील तर दोन्ही एकदमच जाणार, मग दुसऱ्या रिचार्जचे पैसे फुकट. लाईट गेल्यावर लक्ष ठेवा, कुठलं सिम आधी जातं आणि कुठलं टिकतं. जे टिकतं ते आईच्या फोनमध्ये पाहिजे.

गावात फायबर आलं असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, रेंज नसली तरी साधा फोन लागतो, फक्त राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडा. बूस्टर मात्र घेऊ नका, विनापरवाना बूस्टर बेकायदा आहे आणि त्यानं आजूबाजूच्यांची रेंज बिघडते.

शेवटचं, परत पोर्ट करायला काय जातंय. नव्वद दिवस जातात. एकदा पोर्ट केल्यावर त्या कंपनीत 90 दिवस झाल्याशिवाय पुन्हा पोर्ट होत नाही, म्हणजे जूनमध्ये चुकलात तर सगळा पावसाळा तसाच. त्यात आईवडिलांचा नंबर बँकेला, पेन्शनला, गॅसला जोडलेला, रेंज नाही म्हणजे ओटीपी नाही. म्हणून आधी ज्या कंपनीत जायचंय तिचं साधं प्रीपेड सिम घेऊन एक रिचार्ज मारा, महिनाभर घरात वापरा, आतल्या खोलीत, रात्री, लाईट गेल्यावर. पटलं तरच मूळ नंबरवरून पोर्ट लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाकून 1900 ला मेसेज करा, पोर्टसाठी जो कोड येतो तो चार दिवस चालतो. नंबर मुंबईत घेतलेला असेल आणि पोर्ट गावच्या दुकानातून करणार असाल तर मुंबई आणि महाराष्ट्र ही सर्कल, म्हणजे फोन कंपन्यांचे विभाग, वेगळी आहेत, एरवीच्या तीनऐवजी पाच कामाचे दिवस धरा, आणि त्या आठवड्यात पेन्शनचं किंवा बँकेचं काही काम ठेवू नका.