हाउजीचे नियम? ते पहिल्या भांडणानंतर ठरवा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाउजी (तंबोला, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ) खेळवायचं काम गळ्यात पडलंय? अभिनंदन. नियम लिहून काढायच्या फंदात पडू नका. पहिला क्लेम, म्हणजे ‘माझं झालं, बक्षीस द्या’ असा दावा, आला की ते आपोआप सुचतात.

तिकिटं तर बिलकूल वाटू नका. तीन ओळी, नऊ रकाने, ओळीला पाच असे पंधरा आकडे. जो तो आपापल्या वहीत लिहून घेईल. पुढे टॉप लाइनच्या, म्हणजे वरची ओळ पुरी झाल्याच्या क्लेमच्या वेळी कुणाच्या तरी पहिल्या रकान्यात, जिथे फक्त 1 ते 9 चालतात, 14 निघतो आणि ‘घाईत लिहिलं हो’ ऐकायला मिळतं. क्रमांक घातलेल्या तिकिटांचे फोटो खेळाआधी ग्रुपवर टाकले, तर ही करमणूक बुडते.

आकडे काढायला फोनवरचं एखादं रँडम अ‍ॅप घ्या. बरीच अ‍ॅप आधी काय काढलं ते विसरतात, त्यामुळे 37 तीनदा येतो. ऐंशी आकडे फुटले की पुढचा नवा आकडा मिळायला सरासरी नऊदा बटण दाबावं लागतं; अंगठ्याला व्यायाम. नव्वद आकड्यांचा क्रम आधीच पिसून, खेळात नसलेल्या शेजाऱ्याकडे पाकिटात बंद करून ठेवणारे लोक असतात. पण तुम्हाला स्वतःलाही तिकीट घ्यायचंय ना? मग क्रम तुमच्याच उशाखाली बरा.

आकडा जाहीर करायचा तो व्हॉइस नोटवर, शुद्ध मराठीत. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की निम्मी तरुण मंडळी 79 खोडतात.

आता खरा मसाला. ज्याचा मेसेज आधी, त्याचं बक्षीस! प्रत्येकाला आपला मेसेज आपल्या फोनवर टाकल्या क्षणी दिसतो, दुसऱ्याचा मात्र रेंज मिळेल तेव्हा. म्हणजे चार जणांचे चार स्क्रीनशॉट, चारही अस्सल आणि चारहींत मालक पहिला. शिवाय पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटं दुरुस्त करता येतोच. ‘टॉप लाइन’चं ‘फोर कॉर्नर्स’ (चार कोपऱ्यांतले आकडे) करायला तेवढी पुरतात.

यावर एक भिकार तोडगा आहे, तो कुणाला सांगू नका. रोज रात्री नऊला दहा आकडे ओळीने टाकायचे, क्लेमला दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत मुदत द्यायची, आणि विजेता मेसेजच्या वेळेवरून नाही, तर कितव्या आकड्यावर ओळ पुरी झाली यावरून ठरवायचा. एकाच आकड्यावर दोघांची झाली, तर बक्षीस वाटून. मग कुणाची रेंज गेली काय, न्यू जर्सीतला भाचा झोपला काय, फरकच पडत नाही. असल्या खेळात राम तो काय?

बक्षिसं सगळी सारखी ठेवा. एका तिकिटावर जल्दी फाइव्हला (कुठलेही पाच आकडे खोडून होणं) सरासरी 28 आकडे लागतात, ठरावीक एका ओळीला 76, फुल हाउसला, म्हणजे सगळ्या पंधरांना, 85. तरी तिन्हींना तोच स्टीलचा डबा. समता!

आणि बोगी. चुकीचा क्लेम केला की तिकीट बाद, यात दयामाया नाही. चेअरमनबाईंची बोगी निघेपर्यंत तरी नाही.