प्रतिकृती विकण्याआधी थोडी धूळ बसू द्या

१९३२ साली लॉस एंजेलिसहून बाजारात आलेल्या ‘फ्राइंग पॅन’ या लॅप स्टील गिटारची, म्हणजेच पुढे रिकनबाकर या नावाने जगभर गाजलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या वाद्याची, हाताने घडवलेली प्रतिकृती आपल्या कपाटात असेल आणि ती विकण्याची वेळ आली असेल, तर गिऱ्हाईक वाद्य विकत घ्यायला येते हा गैरसमज प्रथम मनातून काढून टाकावा. ज्याला केवळ मांडीवर आडवे ठेवून, तारांवरून लोखंडी दांडी फिरवून वाजवायचे आहे, त्याला बाजारात पुष्कळ स्वस्त साधने मिळतात. आपल्याकडे येणाऱ्या माणसाला १९३२ साल हवे असते, आणि ते त्याला मिळाल्यासारखे वाटेल पण आपण दिले असे सिद्ध होणार नाही, अशा बेताने जाहिरात लिहायची असते.

त्यासाठी मथळ्यात ‘रिकनबाकर’ हे नाव ठळक अक्षरांत घालावे, त्यामागे ‘१९३२’ घालावे, मग ‘दुर्मीळ’, मग ‘हस्तनिर्मित’, आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द सातव्या ओळीत, चामड्याच्या पेटीच्या वर्णनाला लागून, बसवून टाकावा. तो शब्द गाळू नये. आपण सज्जन आहोत. तो फक्त वाचणाऱ्याच्या वाटेत येऊ नये, एवढी काळजी घ्यावी. कारागिराने शिरावरच्या पट्टीवर जुन्या काळचे स्पेलिंग कोरले असेल, म्हणजे आजच्या नावातल्या दुसऱ्या ‘के’च्या जागी ‘एच’, तर त्या पट्टीचा फोटो अगदी जवळून काढावा आणि त्याखाली काहीही लिहू नये. जाणकार मंडळी त्या एका अक्षरावरून जो निष्कर्ष काढतील, तो त्यांचा त्यांनी काढलेला असेल.

इतिहास सढळ हाताने वापरावा, परंतु निवडून. वाद्याची कल्पना काढणारा जॉर्ज बीचम आणि ते बनवणारा अडॉल्फ रिकनबाकर यांची नावे येऊ द्यावीत. नालेच्या आकाराची दोन चुंबके समोरासमोर ठेवून त्यांच्या कमानीतून तारा ओवण्याची युक्ती वर्णन करावी, कारण ती खरोखरच सुंदर आहे आणि तिच्यामुळेच तारेचा कंप थेट विजेच्या लहरीत उतरू लागला. पेटंटसाठी १९३४ मध्ये अर्ज गेला तेव्हा हे यंत्र चालते तरी का, अशी शंका तपासनीसांना आली, म्हणून वॉशिंग्टनला वादक पाठवून त्यांच्यासमोर ते वाजवून दाखवावे लागले आणि पेटंट हाती पडायला १९३७ चा ऑगस्ट उजाडला. हा प्रसंग अवश्य सांगावा, आणि शक्य तितका असा सांगावा की वॉशिंग्टनला जाऊन आलेले वाद्य आपल्याच कपाटात आहे असे वाटावे.

येथे एक अडचण उभी राहते, ती आधीच ओळखून ठेवलेली बरी. बीचमच्या कल्पनेचा पहिला नमुना हॅरी वॉटसन या कारागिराने १९३१ मध्ये मेपलच्या लाकडातून हाताने कोरला होता. विक्रीची वाद्ये मात्र साच्यात ॲल्युमिनियम ओतून केलेली होती, म्हणजे एकासारखे दुसरे निघावे हाच त्यांचा हेतू होता. तेव्हा आपण ‘हस्तनिर्मित’ म्हणून ज्या गुणाची किंमत लावतो आहोत, तो गुण मूळ वाद्यात नव्हताच, असे एखादा खवट माणूस म्हणेल. त्याला शांतपणे सांगावे की याच कारणामुळे आमची प्रतिकृती अस्सलपेक्षा वरचढ आहे. मग तो विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस पुष्कळदा आगाऊ रक्कम देऊन जातो.

दोषांबद्दल लाजू नये. रंगमंचाच्या दिव्यांखाली ॲल्युमिनियम तापून पसरत असे आणि मैफलीच्या मध्यात वाद्य स्वरातून उतरत असे. म्हणून तर कंपनीने १९३५ मध्ये बेकलाइटचे, म्हणजे त्या काळच्या कडक प्लॅस्टिकचे, मॉडेल काढले. आपली प्रतिकृतीही दुपारच्या उन्हात बेसूर होत असेल तर ते झाकून न ठेवता ‘तापमानाला दिलेला प्रतिसादही मूळ वाद्याबरहुकूम’ असे लिहावे. खुंट्या सैल असतील तर त्यांना वयाचे सौंदर्य म्हणावे, मग कारागिराने त्या गेल्या गणपतीत बसवलेल्या का असेनात. घरातल्या कुणी उत्साहाने भांड्यांची पावडर घेऊन वाद्य चकचकीत केले असेल, तर मात्र जाहिरात दोन-तीन महिने पुढे ढकलावी आणि ते माळ्यावर, उघडे, ठेवून द्यावे. धूळ फुकट असते, आणि फोटोत ती दर इंचाला पैसे देते.

किंमत ठरवताना मूळ ‘फ्राइंग पॅन’ कितीला विकली गेली हे पाहू नये, कुणी कितीला मागितली होती ते पाहावे. त्यातून प्रतिकृती असल्याबद्दल थोडी वजावट करावी आणि हस्तनिर्मित असल्याबद्दल तेवढीच भर घालावी. कारागिराने कानशीने एकेक कड घासण्यात घालवलेले तासही आपल्याच खात्यात मांडावेत. त्याने ते तेव्हा फार स्वस्तात दिले, हा त्याचा भोळेपणा.

आता फोन येऊ लागतील. ‘लास्ट प्राइस बोला’ म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नये. मुलाला क्लासला घालायचे आहे, ही चालेल का, असे विचारणारे पालक येतील आणि तारा पट्टीपासून इतक्या उंच का, हे दुरुस्त करून द्याल का, असेही विचारतील. ही वाजवताना तारा पट्टीला टेकवायच्याच नसतात, हे समजावण्यात वेळ घालवू नये, ‘व्यावसायिक रचना’ म्हणून सोडून द्यावे. हवाईयन गिटारच्या आठवणीने हळवे होणारे काका भेटतील आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतल्या गिटारवादक ब्रिजभूषण काबरांचे नाव काढतील. काबरांची गिटार मोठ्या लाकडी पेटीची होती, परंतु आठवणींत डुंबणाऱ्या माणसाला पेटीचे माप सांगणे असभ्यपणाचे आहे. खरा धोका एकाच माणसाचा असतो. तो तारेची बोलती, म्हणजे कंप पावणारी, लांबी साडेबावीस इंच आहे की पंचवीस, चुंबके नवी की जुनी, चुंबकांजवळच्या तारेच्या वेटोळ्याचा विद्युतरोध किती, आणि हे घडवले कोणी, एवढेच विचारतो. पहिल्या तीन प्रश्नांना वॉशिंग्टनचा प्रसंग पुन्हा ऐकवावा.

चौथ्याचे उत्तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. ‘एक अज्ञात, वृद्ध, प्रसिद्धिपराङ्मुख कलावंत’ एवढेच म्हणावे, जरी तो चाळिशीचा असला आणि आपले नाव वाद्याच्या पाठीवर स्वच्छ कोरून बसला असला तरी. पाठीचा फोटो काढायचे विसरून जावे. एवढे करूनही गिऱ्हाइकाने त्याला गाठलेच, आणि अशीच दुसरी तीन महिन्यांत, निम्म्या पैशात करून देतो असे त्याने सांगितले, तर खचून न जाता त्याच रात्री मथळा बदलावा: ‘या कारागिराची पहिली, अत्यंत दुर्मीळ प्रतिकृती’. किंमत थोडी वाढवायला विसरू नये.